न्हाणीची कडी आणि गाडीची चार दारं

बाईमाणसाला आतून लावून घेता येतील अशी आमच्या घरात चार दारं होती आणि ती चारही गाडीला होती. हे सांगितलं की लोक हसतात. मीही सांगताना हसते, कारण न हसता सांगितलं तर ऐकणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नाही.

१९९९ साली लग्न होऊन मी आमगावला आले. माझं माहेर चिचगडकडचं. सासरी सगळ्यांना वाटायचं, पोरगी जंगलातून आली आहे, हिला कशाची सवय असणार. त्या जंगलातल्या घरी न्हाणीला सागाचं दार होतं आणि आतून लाकडी अडसर होता. इथे, रेल्वेच्या गावात, अंगणाच्या कोपऱ्यातल्या न्हाणीला पत्र्याचं दार होतं आणि कडीच्या जागी दोन भोकं. भोकांतून सुतळी ओवलेली. ती आतल्या खिळ्याला गुंडाळायची. सुतळी सतत ओली राहून कुजायची आणि कधी तुटेल याचा नेम नसायचा. घरात सासू-सासरे, दीर, आणि समोरच्या दोन खोल्यांत राईस मिलमधली पोरं भाड्याने. नळ अंगणातच, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी तिथे असायचंच.

पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंना कडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "दारावर लुगडं टाकत जाय ना वं. लुगडं दिसलं का मानूस मागं फिरते. आमच्या येळेस त नुसता बांबूचा तट्टा होता."

आणि घरात खरंच तशी रीत होती. बाई न्हाणीत गेली की नेसायचं लुगडं दारावर टाकायची. पुरुष त्या बाजूला येताना खाकरायचे आणि लुगडं दिसलं की परत जायचे. रीत वाईट नव्हती, पण ती सगळी दुसऱ्याच्या भरवशावर होती. कडी असती तर ती माझ्या हातात असती. खाकरणं दुसऱ्याच्या घशात होतं.

नवऱ्याला सांगितलं. बोलताना मी त्याला 'अहो'च म्हणायचे. लिहिताना 'तो' म्हणते, तेवढी मोकळीक आता घेते. तो राईस मिलमध्ये फिटर होता. हात चांगला होता आणि त्याचा त्याला गर्वही होता. "लावून देतो," म्हणाला. बरेच दिवस गेले. मग मी म्हटलं, सुताराला बोलावू का? तर त्याला ते लागलं. "सुतार कायले पायजे? मी मेलो का?" तो जिवंत होता, म्हणून सुतार कधी आला नाही.

काही वर्षांनी मिलमालकाने नवी गाडी घेतली. जुनी अँबॅसेडर शेडमध्ये कोंबड्यांना अंडी घालायच्या कामाची उरली होती. ती याने मागून घेतली आणि चार पोरांना लावून ढकलत घरी आणली. इंजिन तसं ठीक होतं, दारं मात्र कामातून गेली होती. पुढचं एक दार खड्डा लागला की आपोआप उघडायचं, दुसरं आतून उघडायचंच नाही, आणि मागची दोन्ही आतून एकमेकांना सुतळीने बांधलेली होती. खरं सांगते, ती सुतळी बघून मला पहिल्या दिवशी त्या गाडीबद्दल आपुलकी वाटली.

त्याने पहिल्याच रविवारी ती सुतळी कापून फेकली. मग दर रविवारी एकेका दाराचा आतला पुठ्ठा निघू लागला. कुलूप बाहेर काढायचं, माझ्या स्टोव्हच्या रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, झिजून गुळगुळीत झालेल्या जिभेवर वेल्डिंगचा थर चढवायचा आणि कानशीने घासत तिला पुन्हा आकार द्यायचा. स्प्रिंगा तो भंगारातून शोधून आणायचा. जेवताना दुसरा विषय नसायचा. दार चौकटीत का बसत नाही, तर बिजागरीची पिन झिजली म्हणून ते खाली उतरलं आहे, हे मला त्यानेच समजावून सांगितलं. "दार लागले बी पायजे अन् उघडले बी पायजे," तो म्हणायचा. "आतल्या मानसाले भरोसा वाटला पायजे." हे तो भाकरी मोडता मोडता माझ्याकडे बघून म्हणायचा आणि त्याला काहीही आठवायचं नाही.

एकदा गोंदियाच्या बाजारातून मीच कडी आणली. चांगली लोखंडी, बोटाएवढ्या जाड दांड्याची. त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. मला वाटलं, सुटले. पुढच्या रविवारी त्या दांड्याचे तुकडे झाले, मिलच्या लेथवर चढले आणि गाडीच्या बिजागरीत जाऊन बसले. "मापाचीच निघाली," म्हणाला. दुसरी आणून देतो, असंही म्हणाला. ती आली नाही.

त्या दिवशी मी भांडले. "दोन वेळा अंघोळीला जाताना माझा जीव मुठीत असतो, तुम्हाला कळतं का?"

"तुले गाडीच दिसते फक्त," तो म्हणाला. "मी काम करून राहिलो, कुठं जुगार त नाही ना खेळून राहिलो."

सासूबाईंनी त्याचीच री ओढली. "मानसाले एखादा शौक असते. दारू त नाही पेत ना तो?"

दारू न पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला आमच्याकडे तक्रारीचा हक्क नसतो. मी लुगडं टाकत राहिले.

तीन दारं झाली. मागच्या डाव्या दाराचं कुलूप काही केल्या दुरुस्त होत नव्हतं. शेवटी गोंदियाचा त्याचा एक मित्र, गॅरेजवाला, दुसऱ्या एका जुन्या गाडीचं कुलूप घेऊन रविवारी आला. दुपारभर दोघे त्या दारात डोकं घालून बसले होते. मी स्वयंपाक उरकला, भांडी घासली आणि न्हाणीत गेले. लुगडं दारावर टाकलं, सुतळी गुंडाळली.

बाहेर नवऱ्याचा आवाज आला, "हाथ धो लो, नल तो गया, पानी उधर है." न्हाणीकडे त्याने वळूनही पाहिलं नसणार.

मित्र शहरातला. दारावर टाकलेल्या लुगड्याचा अर्थ त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं, जुनेर आहे, हात पुसायला ठेवलं आहे. त्याने ते ओढून घेतलं, ग्रीसचे हात त्याला पुसले आणि दार लोटलं. सुतळी तुटली.

मी पाठ फिरवून भिंतीला चिकटले. मागे तो "माफ करना भाभीजी, माफ करना" म्हणत पळाला. दार उघडंच राहिलं. अंगणातून नवऱ्याने विचारलं काय झालं, आणि मित्राला धड सांगता येईना. मग नवरा हसला. "अरे, उसमें कडी नहीं है ना. गलती मेरी है, आपको बताना था."

चूक त्याने कबूल केली, पण ती मित्रापाशी. मला दुरून म्हणाला, "आवाज द्याचा ना वं, आत हाये म्हून."

मी हात बाहेर काढून चिखलात पडलेलं लुगडं ओढलं. काळे पंजे उमटले होते त्यावर. तेच ओल्या अंगाला गुंडाळलं आणि बाहेर आले. ओसरीवर सासूबाई होत्या, समोरच्या खोलीच्या उंबऱ्यात दोन पोरं उभी होती. आमच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. रडू येत नव्हतं. राग इतका होता की पाय कुठे चालले आहेत ते मला गाडीजवळ पोचल्यावर कळलं. पुढचं दार उघडून आत बसले, त्याने नव्याने घातलेल्या सीटकव्हरवर, तशीच ओलीचिंब. दार ओढलं. आतला दांडा पुढे दाबला. मग वाकून, हात लांबवून, उरलेली तिन्ही दारं लावून घेतली. चावी आतच लटकत होती.

आत एकदम शांत झालं. मी गुडघ्यात डोकं घातलं.

मान वर केली तेव्हा तो गाडीकडे येत होता. मित्र मागे, मान खाली घालून उभा. वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती. नवरा माझ्या काचेशी येऊन वाकला. मला वाटलं, आता काही तरी बोलेल. निदान माझं नाव घेईल. त्याने मुठीला हात घालून दार ओढून पाहिलं. मग पलीकडे गेला, ते ओढलं. मग मागचं उजवं. शेवटी त्या नव्या कुलपाच्या दाराशी गेला, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. गाडी हलली, दार नाही. त्याने घाम पुसला आणि मित्राकडे वळला.

"देखा?" तो म्हणाला. "हिला भी नहीं."