खोडलेले आकडे

नातीच्या खोडरबराचा वास आला की बहात्तरच्या दुष्काळातली जामखेडजवळची एक दुपार आठवते. बंद पडलेल्या बोअरमध्ये तारेनं तापमापक सोडून मी दर दहा मीटरवर जमिनीची उष्णता वहीत पेन्सिलीनं नोंदवत होतो. खोल जावं तशी ती वाढायला हवी, पण वरच्या भागातच जास्त निघाली. तार धरणारा म्हातारा शेतकरी म्हणाला, "सायेब, खरं हाय त्ये. माळावरची झाडं तोडली, तवापासनं भुई तापलीया." "बाबा, तुम्ही तार धरा, शास्त्र मी बघतो," म्हणत मी ते आकडे खोडून चढत्या क्रमानं लिहिले. वरची उष्णता जमिनीत सावकाश मुरते आणि तिच्यावरून मागच्या काळाचं हवामान कळतं, हे मला निवृत्तीनंतर समजलं. तोवर बोअर बुजला होता. त्या वहीतले वरचे आकडे कुणी खरे धरू नयेत. खरं तो म्हातारा बोलला होता, आणि ते मी लिहून घेतलं नाही.