बाबांचा शनिवारचा प्रश्न

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मी सुरतेला निघालो त्या सकाळी बाबा महाराष्ट्राच्या बाजूला उभे राहिले आणि पुढे यायचं नाव घेईनात. माझा डबा पलीकडच्या बाजूला लागला होता. आई खिडकीपर्यंत आली, माझ्या हातावर हात ठेवून उभी राहिली. बाबा जागचे हलले नाहीत. गाडीनं शिटी दिली तेव्हा मात्र झपझप चालत आले आणि म्हणाले, "तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही. जेवणाचा डबा सांभाळ, झाकण सैल आहे."

बाबा आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, आजोबाही होते. सेमिनरीत धर्मशिक्षण घेऊन मी परत येणार आणि बाबांच्या जागी उपदेशाला उभा राहणार, हे मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. सेमिनरीतल्या सोबत्यांनो, तुम्हाला हे नव्यानं सांगायला नको, आपल्यातले निम्मे असेच घरून ठरवून पाठवलेले होते. तुम्ही बहुतेक जण परत गेलात. मी शेवटच्या वर्षाला उत्तर-आधुनिक तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान असा विषय घेतला आणि तिथेच माशी शिंकली.

तेव्हा कॅन्टीनमध्ये आपण किती भांडायचो. साऱ्या जगाला एकाच मोठ्या गोष्टीत बसवू पाहणाऱ्या कहाण्यांवर आता भरवसा ठेवता येत नाही, असं ते विचारवंत म्हणत. ख्रिस्ती धर्म तर उत्पत्तीपासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच सलग गोष्ट सांगतो. तुमच्यातले काही म्हणायचे, हे लोक आपल्या मुळावर उठलेत. मी म्हणायचो, उलट त्यांनी आपल्यावर उपकारच केलेत. देव तर्कानं सिद्ध करून दाखवा म्हणणाऱ्या बुद्धीचा तोरासुद्धा त्यांनीच उतरवलाय. श्रद्धा म्हणजे सिद्ध करायचं गणित नव्हे, एखाद्या समाजात राहून शिकायची भाषा आहे, असं मांडणारे ईश्वरविज्ञानी मला फार पटत. प्रबंधात हे सगळं मी झोकात लिहिलं. पण गावी येऊन मंडळीपुढे 'मी विश्वास ठेवतो' म्हणायची वेळ आली तेव्हा 'मी' याच शब्दाशी अडलो. कोण ठेवतो, किती ठेवतो, मला सांगता येईना. पाळकपण नको म्हटलं, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

सुरतेत मला काम मिळालं ते पर्वत पाटियाजवळच्या एका साडीच्या पेढीत. कॅटलॉग तयार करायचे आणि नव्या डिझाइनना नावं द्यायची. शेठ सांगायचे, "भाई, नाम एवुं राखो के बहेनोने गमे." मी बायकांना आवडतील अशी नावं शोधत बसायचो. दिवाळीला जी साडी 'कावेरी' म्हणून गेली, तीच काठ बदलून लग्नसराईत 'मल्हारिका' व्हायची. नावामागे काहीच नसतं, हे सेमिनरीत मी पुस्तकातून वाचलं होतं, इथं त्याचा पगार घेऊ लागलो. हसू यायचं आणि कधी कधी फार एकटंही वाटायचं. गावी प्रत्येकजण मला पाळकांचा मुलगा म्हणून ओळखायचा आणि मी त्याला वैतागायचो. इथं कुणीच ओळखत नव्हतं, तर करमेना.

सुरतेजवळच्या कडोदऱ्याला मराठी ख्रिस्ती माणसं रविवारी जमतात, हे मला बायकोकडून, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या बायकोकडून कळलं. सुनीता मूळची जालन्याची, इथं इस्पितळात नर्स. एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावरची खोली, खाली सतरंज्या, एक पेटी, एक डफ. कुणी जालन्याकडचं, कुणी नगरकडचं, बाकी आमच्या खानदेशातले. सगळ्यांत पुढे रत्नामावशी बसायच्या. त्या साक्रीकडच्या, नवरा लूमवर काम करून थकून गेलेला, त्या स्वतः घरी साड्यांना टिकल्या लावायच्या. खालचा कारखाना रविवारीही चालू असतो, त्यामुळे प्रार्थना ओरडूनच करावी लागते. मी सुनीतासाठी म्हणून जायचो आणि मागे भिंतीला टेकून बसायचो. गाणी म्हणायचो, 'मी विश्वास ठेवतो' हा विश्वासांगीकार सुरू झाला की गप्प राहायचो. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

मग आमचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचा बाप्तिस्मा आजोबांच्या, म्हणजे बाबांच्याच हातून व्हावा, असं सुनीताच्या मनात होतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही. बाबा आता निवृत्त झाले होते. आईला घेऊन पहिल्यांदाच सुरतेला आले. आईनं घर पाहिलं, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाबांनी आपला पांढरा झगा खुंटीला लावला आणि शनिवारी दुपारी आम्हा दोघांना समोर बसवलं.

ही त्यांची जुनी रीत. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांना मंडळीपुढे प्रश्न विचारतात, विश्वास ठेवता काय, आणि दोघांनी 'होय' म्हणायचं असतं. रविवारी कुणाची जीभ अडखळू नये म्हणून बाबा आदल्या दिवशी त्या घरी जाऊन तोच प्रश्न विचारून घेत. ज्याला होय म्हणता आलं नाही त्याच्या लेकराला पाणी नाही. यात त्यांनी सख्ख्या भावालाही सूट दिली नव्हती.

सुनीता म्हणाली, "होय, ठेवते."

मग त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "बाबा, उद्या तुमच्यासाठी मी होय म्हणून टाकीन. पण ते खरं निघणार नाही."

"खोटं होय मला नको," ते म्हणाले. "मग कारण तरी सांग. शिकलास ना एवढं?"

मी सांगितलं. मोठ्या गोष्टीवरचा उडालेला भरवसा, श्रद्धेची भाषा, सगळं. इतकी वर्षं जे पुस्तकी वाटेल म्हणून कधी बोललो नव्हतो ते सोपं करून बोललो. बाबांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग मी जन्मभर जी गोष्ट सांगितली, तिचं काय?"

मी म्हटलं, "ती खोटी आहे असं मी म्हणत नाही बाबा. मला एकट्याला ती पेलत नाही."

ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईनं मला आत बोलावून दटावलं, "एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं?" सुनीतानं बाळाचे घडी करून ठेवलेले नवे कपडे पिशवीतून काढले आणि परत कपाटात ठेवले. उद्या काय होणार, कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. म्हणाले, "बाळाला नीट कपडे घाला." एवढंच.

कडोदऱ्याची खोली भरली होती. बाबांनी उपदेश केला, खालच्या मागांच्या वर आवाज चढवून. मग आम्हाला पुढे बोलावलं. बाळ माझ्या हातात होतं. आधी आईबापांना विचारायचं, मग मंडळीला, असा क्रम. बाबांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि आमच्याकडे न बघता मंडळीकडे वळले.

"या लेकरासाठी," ते म्हणाले, "आणि त्याच्या आईबापांचं बळ कमी पडेल तिथं त्यांच्या वाट्याचाही, तुम्ही विश्वास धराल काय?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. असा प्रश्न कुणी कधी ऐकला नव्हता. सगळ्यांआधी रत्नामावशी बोलल्या, "हां, धरसूत ना. आमी कसाले शेतस मंग?" नाहीतर आम्ही आहोत कशाला, असं त्यांनी अहिराणीत विचारलं, आणि मग सगळी खोली म्हणाली, "होय, धरू."

बाबांनी सुनीताला नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं होय म्हटलं. मग ते माझ्याकडे वळले. 'तुम्ही' न म्हणता घरच्यासारखं विचारलं, "तू यांच्यात राहशील का?"

"राहीन," मी म्हणालो. आवाज कुठेही अडला नाही. बाबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

परत जाताना सुरत स्टेशनावर बाबा हळूच म्हणाले, "रीत मोडली मी. तुझ्या काकाला राग येईल." मग म्हणाले, "पण कुणी खोटं बोललं नाही."

सोबत्यांनो, प्रबंधात मी लिहिलं होतं की श्रद्धा एकट्याच्या डोक्यात नसते, समाजात असते. ते वाक्य मला तेव्हा फक्त आवडलं होतं. आता रविवारी सतरंज्या मीच घालतो. विश्वासांगीकारात अजूनही अडतो, कधी सुरुवातीलाच, कधी बरंच पुढे जाऊन. तेव्हा पुढून रत्नामावशींचा आवाज चालू असतो आणि कुणी वळून माझ्याकडे बघत नाही. माझं गप्प राहणं त्यांच्या लक्षात पहिल्यापासून आलेलं होतं, हेही मला आता कळलंय.

परवा आईचा फोन आला, "घरी कधी येतोस? शनिवारी ये ना."

मी म्हटलं, "आई, रविवारी मी इथं लागतो गं."

पलीकडे फोन बाबांनी घेतला असावा. म्हणाले, "मग सोमवारी ये."