सुनंदावहिनींच्या खिडकीतला डोंगर

आमचे शेजारी गोपाळकृष्णराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले. हाताला जन्मभर पट्टीची सवय. कपाळावरचं गंधसुद्धा मोजून लावतात असं मी म्हणतो, आणि ते रागावतात. अशा माणसाने साठी उलटल्यावर रंगपेटी आणली तेव्हा बालाघाटातल्या आमच्या गल्लीने ठरवून टाकलं, म्हातारा बिघडला.

कारण होता पलीकडचा खेमराज. वारासिवनीला त्याची राइस मिल जोरात चालते, आणि पैसा झाला की माणसाला आधी दुसरा मजला सुचतो. तो मजला चढला की रावांच्या पत्नी सुनंदावहिनी यांच्या स्वयंपाकघरातून बैहर घाटाकडचा डोंगर दिसणं बंद. त्या डोंगराच्या पायथ्याशी वहिनींचं माहेर. आई गेली, घर विकलं, आता जायचं कोणाकडे? कणीक मळता मळता खिडकीतून डोंगराकडे पाहायचं, एवढंच माहेर उरलं होतं. खेमराजला सांगून पाहिलं. त्याने मोठ्या मनाने, डोंगर बघायला माझ्या गच्चीवर येत जा, असं आमंत्रण दिलं. वहिनींच्या गुडघ्यांनी ते स्वीकारलं नाही. तेव्हा भिंत वर यायच्या आत डोंगर कागदावर उतरवायचा, असा रावांनी पण केला.

पहिला डोंगर मोबाइलवर व्हिडिओ बघून काढला. त्याच्यावर बर्फ होता. बालाघाटात, ऐन मे महिन्यात. वहिनींनी चित्र पाहिलं आणि मुकाट्याने पंखा बंद केला.

मग शाळेत चित्रकला शिकवणारी रीना रविवारी येऊ लागली. तिचा धडा एकच: जवळचं गडद काढा, लांबचं फिकं. रावांना हे पटेना. त्यांच्या कचेरीत फिकी रेघ म्हणजे कामचुकारपणा. ती छपाईत उमटत नसे आणि साहेब नकाशा परत फेकत. त्यामुळे रावांचा प्रत्येक डोंगर काळाकुट्ट, पट्टीने आखलेला आणि थेट खेमराजच्या पाण्याच्या टाकीला टेकलेला. रीना रंगात पाणी घालायला सांगे, राव घालत, आणि तिची पाठ वळली की वरून आणखी रंग चढवत. धरण बांधताय की डोंगर, असं मी एकदा विचारलं. त्यानंतर बरेच दिवस त्या घरी मला चहा मिळाला नाही.

तिकडे विटा खिडकीच्या निम्म्यावर आल्या आणि राव ताळ्यावर आले. पट्टी त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकली. पुढच्या रविवारी कागद ओला करून, श्वास रोखून, पातळ निळसर रंग सोडला. खरं सांगतो, मला थट्टा सुचली नाही. पुढे धानाच्या शेताची बांधी, मध्ये साग, आणि मागे धुरकट, हलका डोंगर, अगदी खिडकीतून दिसायचा तसा. रीनाने लगेच फोटो काढला.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. "पण माह्या मायचं घर इतकं दूर कोठी हाय जी?"

लांबचं असंच दिसतं, असं रीना समजावू लागली. रावांनी ब्रश पाण्यात न बुडवता गडद हिरवा रंग उचलला आणि त्या सुरेख डोंगरावरून पायथ्यापर्यंत फिरवला. सर, बिगड जाएगा, असं रीना म्हणत राहिली.

"बिघडू दे," राव म्हणाले. "तिले पायी जाता आलं पायजे."