दोन सोललेली वांगी

अक्कांनी सभा म्हणून कधी भरवली नाही. एचआयव्हीबद्दल बोलायला पोरं जमवायची, तर त्या आधी वांगी आणायच्या. एका संस्थेच्या कामासाठी त्या आमच्या धरणगावकडच्या खेड्यांत हिंडत. संस्थेची पोस्टरं पिशवीच्या तळाशी चुरगळून पडलेली असत. हिवाळ्यात शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, पोरापोरींनी गोल बसून ती सोलायची आणि सोलता सोलता बोलायचं, ही त्यांची रीत. "हात गुंतेल ऱ्हायनात का तोंड मोकळं व्हस," म्हणायच्या. आणि खरंच, शाळेत सर ज्या धड्याची पानं घाईने उलटायचे, तो धडा आम्ही काळ्या बोटांनी बिनदिक्कत शिकलो.

दुसरी सवय म्हणजे त्यांची "एक पोर व्हती." नाव नाही, गाव नाही. एक पोर व्हती, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासू म्हणाली, तर घरात गोंधळ झाला. मग तिचं चुकलं का? एवढं बोलून अक्का गप्प. सगळ्यांत बुजरं जे असेल ते बोलेपर्यंत स्वतः तोंड उघडायच्या नाहीत. भरीत गार झालं तरी चालेल.

मी त्यांची लाडकी. भारी चुरुचुरु बोलायचे, म्हणून पोरं मला मास्तरीण म्हणायची. एका ताटात जेवल्याने होत नाही, हात धरल्याने होत नाही, डास चावल्याने होत नाही. झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हटलं असतं. एकदा बसस्टँडवर अक्कांनी घड्याळ बघून गोळी घेतली. मी सहज विचारलं, "बीपीची का?" त्या म्हणाल्या, "नही माय. ज्याबद्दल आपण बोलतस ना, त्यानीच. नवरा गया, मी ऱ्हायनू." कोणाला सांगू नको, असंही त्या म्हणाल्या नाहीत. एवढा माझ्यावर विश्वास. मी कोणाला सांगितलं नाही, तेवढं एक केलं.

पुढे माझं लग्न ठरलं. चाळीसगावचे पाहुणे आले, आणि पाहुणे आले की शेतात भरीत आलंच. अक्कांना मीच आग्रहाने बोलावलं होतं. त्या आल्या आणि नेहमीसारख्या परातीशी बसून वांगी सोलू लागल्या. दोन सोलून झाली. तिसरं हातात घेतलं, तशी मी पुढे झाले. "अक्का, तुम्ही आज पाहुण्या, बसा तिकडे खाटेवर," म्हणत मी त्यांच्या हातातलं वांगं काढून घेतलं. त्या हात पुसून उठल्या. मी ती सोललेली दोन वांगी पदराआड धरून बांधापलीकडे टाकली. वळले, तर अक्का माझ्याकडेच बघत होत्या.

पाहुण्यांना कळेल अशी भीती होती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं. त्यांना काय कळणार होतं? भीती माझीच होती. सगळं पाठ असलेल्या मास्तरणीची. लिहितानाही मान वर होत नाही. अक्का त्या दिवशी सगळ्यांबरोबर जेवल्या, भाकरी मागून घेतली, आणि जाताना माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "पोर गुननी शे."

आठवड्याने पुन्हा पोरी जमल्या. लग्नाच्या गडबडीतही मी गेले, न जाऊन कारण काय सांगणार होते? अक्कांनी सुरुवात केली. "एक पोर व्हती. तिनी दोन वांगा फेकी दिन्हात." एचआयव्ही असलेल्या बाईने सोललेली म्हणून फेकली, ते सगळं सांगितलं; पोरीचं नाव तेवढं नाही, आणि ती बाई आपणच, हेही नाही. पोरी खवळल्या. एक म्हणाली, असलीला गटात घेऊच नका. सगळ्या बोलल्या, मीच गप्प राहिले तर ओळखतील म्हणून मीही म्हटलं, "अडाणीच असणार."

अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अडाणी नव्हती. तिले बठ्ठं माहीत व्हतं, बठ्ठं पाठ व्हतं, पन मनले पटेल नव्हतं. तिले शिव्या देऊ नका. तिले भेव कशानं वाटनं, ते इचारा." मग एक गरम वांगं माझ्या परातीत टाकलं. "ले माय, सोल." माझी बोटं भाजली, पण मी ते खाली ठेवलं नाही.

आता अक्का शिरपूरकडे, डोंगराखालच्या पाड्यांवर जातात. फोन केला की आधी विचारतात, "पोरी जमतस का?" जमतात. चाळीसगावात मी त्यांच्याच रीतीने भरीत करते आणि तीच गोष्ट सांगते. त्या दोन वांग्यांबद्दल अक्का मला कधीच बोलल्या नाहीत. माफी मागायला मी कितीदा फोन लावला, आणि कांद्याचा भाव विचारून ठेवला.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीने विचारलं, "काकू, मग ती पोरगी पुढे सुधारली का?"

हात गुंतलेले होते. मान खाली होती. सगळ्या माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या.

"माहीत नाही गं," मी म्हटलं, आणि दुसरं वांगं सोलायला घेतलं.