चार मिनिटांची तुरपाई

भूत व्हायचं का, असं मावशीला कुणी विचारलंच नव्हतं. ठरलेली नटी ऐनवेळी आली नाही. तिच्या मापाचा काळा झगा भलताच लांब होता, ज्या पोरीने घालून पाहिला ती त्यात पाय अडकून पडली. शेवटी ज्या बाईने तो शिवला होता तिलाच घालायला लावला. मावशीला बहुतेक दारांतून वाकून जावं लागे. गाल बसलेले, डोळे खोल आणि जबडा असा की लहान मुलं आईच्या मागे लपत. मेकअपवाल्याने डबा उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. ही गोष्ट मावशी स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायची.

सिनेमा शिकवणाऱ्या त्या कॉलेजच्या कपडेखोलीत ती एकतीस वर्षं शिवत होती. तिथली झाडून सगळी मुलं तिला मावशी म्हणत, पण या सिनेमाची दिग्दर्शक मात्र तिची खरीखुरी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. चार वर्षं मावशीच्याच घरी राहून शिकली आणि शेवटच्या वर्षाला तिने गॉथिक भयपट काढायला घेतला.

"गॉथिक म्हणजे काय गं?"

"म्हणजे भूत उशिरा येतं मावशी, त्याच्याआधी घरच घाबरवतं."

पडका बंगला, मेणबत्त्या आणि एक मेलेली आई. ही आई येते ती मुलीचा फ्रॉक शिवायला. मुलगी वाढते तसा फ्रॉक वाढवते. त्यात चार मिनिटं नुसती तुरपाई होती, कॅमेरा मावशीच्या हातांवरून हलतच नव्हता. मावशीने शिवलेलं शेकडो सिनेमांत दिसलं होतं, पण टाका दिसला की काम बिघडलं असाच तिच्या कामाचा नियम. इथे पहिल्यांदा कुणीतरी तिचा टाका दाखवला. ती चार मिनिटं तिने आठ वेळा पाहिली आणि आठही वेळा तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

आता सिनेमा लोकांपर्यंत न्यायचा तर वितरक हवा, आणि तो मुलांनीच निवडायचा अशी कॉलेजची रीत. दोघे जण सिनेमा बघायला आले.

पहिला होता मोजणीवाला. हे नाव मावशीनेच पाडलं. त्याच्या मुठीत आकडे मोजायचं बटणाचं यंत्र होतं आणि पडद्यावर दचकण्यासारखं काही आलं की तो ते दाबायचा. दुसऱ्या हाताने वेफर खात होता. बोटं चाटायची, परत पुडीत घालायची, परत चाटायची. तुरपाई सुरू झाली तसा तो फोन काढून बसला. मागच्या खुर्चीतल्या मावशीने तोंड फिरवलं.

"दोन," दिवे लागल्यावर तो म्हणाला. "अख्ख्या सिनेमात दोन दचके. चाळीस थिएटरांत लावतो, पण दोनवर नाही लावत. ते शिवणकाम उडवा. नाहीतर असं करा, राहू दे, शेवटी सुई कचकन बोटात घुसवा. फ्रॉकवर रक्त!"

"शिवणाऱ्या बाईच्या बोटात सुई घुसत नाही," मावशी मागून म्हणाली. "आणि रक्ताने घाण केलेला फ्रॉक कुठली आई पोरीला घालेल?"

त्याने मान वळवून तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अरे वा! हे बोलतंसुद्धा!"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर लोकांनी तिला नाना नावं ठेवली, पण 'हे' कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या होत्या हुंदकेबाई. त्या निवडक, गंभीर सिनेमे एकाच छोट्या सभागृहात दाखवत आणि नंतर त्यावर चर्चा घडवत. तुरपाई बघताना त्यांनी तीन रुमाल भिजवले. मग मावशीचे दोन्ही हात धरून बसल्या, ओलसर, गार हातांनी.

"या हातांनी किती सोसलंय!"

"सोसलं नाही हो, शिवलंय."

"प्रत्येक खेळानंतर तुम्ही स्टेजवर या. तुमचं दुःख सांगा."

"आणि दुःख नसलं तर?"

"असतं हो. आपण शोधू."

मावशीने हात सोडवून घेतले. घरी जाऊन तिने ते साबणाने दोनदा धुतले.

पण निवड शेवटी तिच्यावरच येऊन पडली, आणि तीही एका वेंधळेपणामुळे. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची संमतीची सही लागते, त्याशिवाय सिनेमा कुणाला देता येत नाही. दोन मिनिटं दिसलेल्या मांजराच्या मालकाचीसुद्धा सही होती, मावशीची नव्हती. सह्या घेणाऱ्या पोराने तिचं नाव कपड्यांच्या यादीत लिहून ठेवलं होतं. काळा झगा एक, जाळीचा हातरुमाल एक, मावशी एक.

भाची कागद घेऊन स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसली. "मावशी, हुंदकेबाईंकडे दिला तर तीस माणसं बघतील, आणि ती तीसही आमच्याच ओळखीची. मला मोजणीवालाच हवाय."

"मला दोघांचीही किळस येते. तो मला वस्तू समजतो, आणि ती मला बिचारी समजते."

"पण माझं पुढचं सगळं याच्यावर आहे गं."

ते मावशीलाही कळत होतं. ती टेबलावरचा डाग खरवडू लागली. मग म्हणाली, "तुरपाईला हात लावायचा नाही. बोटात सुई नाही."

"नाही लावणार. तुझी शपथ."

मावशीने सही केली.

पहिला खेळ दुपारचा होता. थिएटरची जमीन चपलेला चिकटत होती, पण गर्दी चिक्कार. तुरपाई आली आणि मावशी ताठ बसली. ते तिचेच हात होते. एक मिनिट, दोन, तीन, तिचेच. मग चित्र बदललं आणि दुसराच हात आला.

कुणी भाड्याची बाई आणली असेल, असं तिला आधी वाटलं. पण सुई डाव्या हातात होती, करंगळी वर उचललेली. नऊ वर्षांच्या डावखुऱ्या भाचीला मावशीने सुट्टीत टाका शिकवला होता, तो समोर बसून, आरशातल्यासारखा उलटा. ती करंगळी तिने हज्जारदा खाली दाबली होती.

सुई बोटात कचकन घुसली. पांढऱ्या फ्रॉकवर रक्त पसरलं. थिएटर किंचाळलं, मग हसलं, मग शिट्ट्या आणि टाळ्या.

"ते बोट तुझं आहे," ती शेजारी बसलेल्या भाचीला म्हणाली.

भाचीने अंधारात तिचा हात घट्ट धरला. "हो. तुझ्या हातांना धक्का नाही लावला मावशी. आणि रक्त खरं आहे, तीनदा टोचून घेतलं तेव्हा जमलं." तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "ऐक ना, किती ओरडले!"

मावशीने हात सोडवून घेतला. पर्समधून रुमाल काढला आणि तळवा पुसला, मग एकेक बोट. भाचीने ते पाहिलं.