न खणलेले पंधरा खड्डे

माझा थोरला भाऊ कमलाकांत मानकर वरळीच्या एका सरकारी कचेरीत माती तपासण्याचं काम करत असे. आमच्या पाठारे प्रभूंच्या नात्यागोत्यात सॉलिसिटर होते, डॉक्टर होते, म्युनिसिपालिटीतले हेडक्लार्क होते. मातीत हात घालणारा हा एकटाच. ठाकुरद्वारच्या शेजारणींनी विचारलं तर आई "तो सर्व्हेत आहे" एवढंच सांगे आणि दुसरं काहीतरी बोलायला लागे. घरात आम्ही त्याला अण्णा म्हणत असू.

अण्णाचं काम असं असे: सरकारला कुठे बंधारा घालायचा असेल, नवी शेती करायची असेल, तर आधी तिथे पाच फूट खोल खड्डे खणायचे. मग अण्णा खड्ड्यात उतरे, सुरीने भिंत खरवडे, कुठला थर कुठे संपतो ते टेप लावून मोजे, चिमूटभर माती ओली करून बोटांत वळे. सगळं वहीत उतरे. त्या वहीवर पुढचं ठरे. वरची माती काय, चालता चालता कुणालाही दिसते, असं तो म्हणे. झाडाचा जीव खाली काय आहे त्यावर.

खड्डे खणायला त्याच्याबरोबर दत्ताराम असे. लालबागचा, मूळचा मालवणकडचा, उंच आणि कमी बोलणारा. सात वर्षं दोघांनी अर्धं कोकण आणि नगरचा दुष्काळी भाग एकत्र खणला होता. जानेवारी छप्पन्नात, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि शहर पेटलं, तेव्हा परळच्या नाक्यावर पोलिसांची गोळी लागून दत्ताराम गेला. तो मोर्च्यात नव्हता. गिरणीतली पाळी संपूनही घरी न आलेल्या भावाला शोधायला गेला होता. अण्णा त्याच्या घरी जाऊन आला.

मी तेव्हा दादरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात होते. अण्णा सरकारी नोकर, त्याला जाता येत नसे. पण मी परत आले की तो कोण काय बोललं ते विचारी. त्याच्या विचारण्यात आधी नसलेली एक धार आली होती. दूधवाला गुजराती बोलला तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

पुढे द्विभाषिक राज्य झालं. कच्छपासून चांद्यापर्यंत सगळं एकाच मुंबई राज्यात आलं, आणि सत्तावन्नच्या डिसेंबरात अण्णाला कच्छला जायचा हुकूम आला. भुजच्या उत्तरेला सहा हजार एकर चराऊ रान होतं. तिथे रबारी लोक मेंढ्या, गाई आणि उंट चारत. सरकारला तिथे बांध घालून पाणी अडवायचं होतं, जमीन नांगरून चाऱ्याची ज्वारी घ्यायची होती. अण्णाने चोवीस खड्डे घेऊन खालची माती कशी आहे ते सांगायचं होतं.

तिथे काय झालं ते त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं. ते आता त्या क्रमानेच सांगते.

पहिल्या खड्ड्यात दीड फूट भुरकट, रेताड माती लागली आणि तिच्याखाली कुदळ खणकन वाजली. खाली पांढरा, सलग थर होता. अण्णाने त्यावर ॲसिडचे थेंब टाकले, ते फसफसले. एक तुकडा फोडून रात्रभर पाण्यात ठेवला. साधं ढेकूळ घटकेत विरघळतं. हा तुकडा सकाळी होता तसाच होता. तो दगड नव्हता, दगड झालेली माती होती. अशा रुक्ष मुलखात पाऊस इतका थोडा पडतो, की तो मातीतला चुना थोडा खाली नेतो आणि तिथेच टाकून सुकतो. हजारो वर्षं असं होत राहिलं की त्या चुन्याने माती सांधली जाते. मग पाणी खाली जात नाही, मूळही जात नाही. तो एक खड्डा पाच फूट न्यायला पहारीने दोन दिवस लागले.

त्या रानात वेरशी नावाचा एक वयस्क रबारी होता. तो रोज येऊन काठावर बसे. दुसऱ्या दिवशी त्याने एक झुडूप उपटून अण्णापुढे ठेवलं. त्याचं मूळ दोन विती सरळ उतरून मग काटकोनात वळलं होतं आणि जमिनीला समांतर हातभर गेलं होतं. वेरशी म्हणाला, की आमचं गवत या दगडाच्या जिवावर आहे. पाऊस वरच्या मातीत मुरतो, दगडावर थांबतो, गवत तेवढं पिऊन वर्ष काढतं. जास्त पाणी कोंडलंत तर ते खाली जाणार नाही, वरच कुजेल आणि मीठ वर येईल. नांगर घातलात तर वरची माती वाऱ्यावर जाईल. अण्णाला हे सगळं ठाऊक होतं. त्याच्या पुस्तकांत हेच लिहिलेलं होतं. पण एक मेंढपाळ आपल्याला माती शिकवतो, याचा त्याला राग आला. त्याने मान हलवली आणि वहीत त्यातलं काही लिहिलं नाही.

असे तीन खड्डे झाले. पुढचे सहा त्याने ओढ्याच्या काठच्या सखल पट्ट्यात घेतले. तिथे गाळ साठलेला होता, पांढरा थर चार फुटांखाली होता, मजुरांनी एका दिवसात दोन-दोन खड्डे काढले. उरलेले पंधरा खड्डे त्याने खणलेच नाहीत. तंबूत बसून सखल पट्ट्यातले आकडे थोडे वर, थोडे खाली करत त्याने पंधराही पानं भरली. पहिल्या तीन खड्ड्यांपुढे लिहिलं, 'तुरळक ठिकाणी कंकर,' म्हणजे चुन्याचे सुटे खडे.

त्याच सुमाराला माझं पत्र त्याला मिळालं. मला बघायला दादरचे पाहुणे येणार होते आणि वडील नसल्यामुळे अण्णाने घरी असणं भाग होतं. तो वेळेवर आला. हिंदमाताला जाऊन माझ्यासाठी मोतिया रंगाची साडी घेऊन आला. लग्न ठरलं, अठ्ठावन्नच्या वैशाखात झालंही. अहवालावर वरिष्ठांच्या सह्या झाल्या आणि त्या पावसाआधी तिकडे बांध उभा राहिला.

साठ सालच्या फेब्रुवारीत एका शनिवारी मी माहेरी आले होते. दुपारी अण्णा कचेरीतून परतला, त्याच्याबरोबर केडी नावाचा पांढरा आखूड अंगरखा आणि लाल फेटा घातलेला एक उंच म्हातारा होता. अण्णाचा चेहरा असा होता की मला वाटलं, कुणी गेलं की काय. म्हणाला, "हे वेरशीभाई. कच्छहून आलेत."

सुमतीवहिनीने त्या दिवशी कोलंबीचं भानोलं केलं होतं. पाहुणा मासे खात नाही म्हणताच तिने ते झाकून बाजूला ठेवलं, भराभर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. वेरशीभाई पाटावर बसून सावकाश जेवले. जेवताना त्यांनी रानाची हकिकत सांगितली. गुजराती आम्हा सगळ्यांना समजत होतं. पहिल्या वर्षी ज्वारी टीचभर वाढून पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी चांगला पाऊस झाला, बांधामागे पाणी तुंबलं, तीन महिने हललं नाही. ते आटल्यावर जमीन मिठाने पांढरी झाली. नांगरलेल्या भागातली माती मधल्या वैशाखातल्या वाऱ्याने उडाली आणि खालचा दगड उघडा पडला. निम्मी मेंढरं मेली किंवा मिळेल त्याला द्यावी लागली. अकरा कुटुंबं सिंधच्या सीमेकडे निघून गेली. वेरशीभाईंचा मुलगा त्यांत होता.

हात धुऊन आल्यावर त्यांनी अण्णासमोर येण्याचं कारण सांगितलं. ते तक्रार करायला आले नव्हते.

"तुमचं लिहिणं कुणीतरी बदललंय, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही तर तो दगड हात लावून पाहिला होता. मी तुमच्या शेजारी बसलो होतो. कुणी बदललं ते शोधा आणि वर सांगा."

अण्णा खाली बघत होता. शेवटी तो "बघतो" म्हणाला. वेरशीभाईंनी दोन्ही हात जोडले. वहिनीने वाटेसाठी पुऱ्या बांधून दिल्या आणि अण्णा त्यांना स्टेशनवर पोचवून आला.

संध्याकाळी आम्ही दोघंच गॅलरीत होतो. मी विचारलं, खरंच कुणी बदललं का. तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं, आकडे भरलेल्या पानांसकट. माझ्या मनात आधी माझंच पत्र आलं.

"माझ्या पत्रामुळे घाई केलीस?"

"नाही. पत्र यायच्या दोन दिवस आधीच मी खणणं थांबवलं होतं. पत्र आलं तेव्हा बरं वाटलं, की आता कारण आहे." मग म्हणाला, "लीला, ते नगरचं रान असतं तर मी चोवीस खणले असते. दत्तारामला मारलं ते या गुजराती लोकांमुळे, असं डोक्यात बसलं होतं. त्या माणसाचा त्यात काय संबंध? त्याने मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती."

मीही दोन वर्षं सभांमधून येऊन त्याच्यापुढे हेच बोलत होते, फक्त माझ्या हातात वही नव्हती.

मार्च असाच गेला. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं, गिरगावात पेढे वाटले जात होते. एप्रिलमध्ये कचेरीत फायलींची वाटणी सुरू झाली: गुजरातच्या फायली अहमदाबादला, महाराष्ट्राच्या इथे. कच्छची फाइल गेली की प्रकरण कायमचं मिटणार होतं. अण्णाने त्या फाइलला स्वतःच्या अक्षरातली दोन पानं जोडली: क्रमांक दहा ते चोवीस हे खड्डे मी खणलेले नाहीत, त्यांचे आकडे मी रचलेले आहेत, ओढ्याकाठचा पट्टा सोडून संपूर्ण रानाखाली दीड-दोन फुटांवर कठीण थर असण्याचा संभव आहे, बांध फोडावा आणि नांगर थांबवावा.

त्याचे वरिष्ठ रघुवीर कर्णिक भले माणूस होते. त्यांनी ती पानं वाचली, उठून दार लावलं आणि म्हणाले, "मानकर, ही काढून घ्या. एक तारखेनंतर हे त्यांचं त्यांनी बघायचं. तुम्हाला बायकोमुलं आहेत."

"मी खणलं नाही, हे त्यांना तिथे कसं कळणार, सर?" अण्णा म्हणाला.

कर्णिकांनी उठून दार उघडलं. पानं फाइलसोबत गेली. अण्णाने सहा आठवड्यांची रजा घेतली आणि कच्छला निघाला.

एक मेला मी शिवाजी पार्कवर होते. गर्दीत ओळखीची माणसं भेटत होती, जो तो विचारत होता, अण्णा कुठे? मी म्हणत होते, सरकारी कामाला गेलाय. प्रत्येक वेळी ते म्हणताना मान खाली जात होती, आणि प्रत्येक वेळी मी तेच म्हणत होते. भावाची लाज वाटत होती, आणि खरं सांगायची हिंमत नाही म्हणून माझीही.

तिकडे त्याने पहिल्याच दिवशी वेरशीभाईंना गाठून खरं सांगितलं, की लिहिणं कुणी बदललं नाही, मीच खोटं लिहिलं. म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही. अण्णाला ते तीनदा सांगावं लागलं. मग वेरशीभाई म्हणाले, "बांध घालायला माणसं आली तेव्हा पोरं आडवी पडायला निघाली होती. मीच थांबवलं. म्हटलं, त्या साहेबाने दगड पाहिलाय, त्याच्या कागदात काही विचार असेल."

अण्णाला त्या दिवशी कुणी चहा दिला नाही, पुढेही नाही.

त्या वस्तीतलं कुणी खणायला आलं नाही. सात मैलांवरच्या गावातून त्याने दोन मजूर आणले आणि तिसरी पहार स्वतः धरली. वैशाखाचं ऊन, वारा, आणि प्रत्येक खड्ड्यात दीड-दोन फुटांवर तोच पांढरा थर. हाताची सालं निघाली. वेरशीभाई रोज येत, थोडे दूर बसत. शेवटच्या खड्ड्याच्या दिवशी ते उठून जवळ आले, आत उतरले, त्या थरावर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले. मग वर आले आणि मेंढरांच्या मागे निघून गेले.

अण्णा परत आला तो काळाठिक्कर, निम्मा झालेला. नवा अहवाल त्याने अहमदाबादला पाठवला. इथे त्याची चौकशी झाली, बाहेरचं काम कायमचं काढून घेतलं, आणि त्याला नमुन्यांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं. पुढची सतरा वर्षं त्याने ते केलं. बदली माग, वर अर्ज कर, असं वहिनी सुरुवातीला म्हणत असे. तो ऐकून घेई. कर्णिकसाहेब निवृत्त होताना त्याचा विषय पुन्हा काढायला तयार होते, तेव्हा त्याने त्यांना नको म्हणून सांगितलं.

एकसष्टच्या पावसाआधी बांध फोडला गेला. त्रेसष्टमध्ये तिकडच्या एका अधिकाऱ्याचं अण्णाला पत्र आलं. त्याने सौजन्याने कळवलं होतं, की उत्तरेकडच्या साधारण दोन हजार एकरांत गवत पुन्हा चांगलं आलं आहे, बाकीचं रान अजून पांढरंच आहे, गेलेल्या कुटुंबांपैकी तीन परतली आहेत. वेरशीभाईंचं नाव पत्रात नव्हतं. मी ते पत्र हातात घेऊन म्हटलं, "बघ, निदान एवढं तरी वाचलं."

अण्णाने पत्र माझ्याकडून घेतलं, पुन्हा एकदा वाचलं.

"उत्तरेकडे नांगर पोचलाच नव्हता," तो म्हणाला. "ट्रॅक्टर बिघडला होता." आणि आत जाऊन त्याने जेवायला पानं मांडायला घेतली.