दोनशेवा भाग आणि हिरव्याच्या पोरीची सोयरीक

बाबांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला ते कळतं असा त्यांचा समज होता. त्या समजावर मी सात-आठ महिने निभावून नेले.

जळगाव जामोदला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आई गेल्यावर घरात आम्ही दोघेच उरलो. "जेवला काय?" "हाव." एवढ्यात दिवसभराचं बोलणं संपायचं. म्हणून एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर एक अमेरिकन मालिका लावली, यानात बसून परक्या ग्रहांवर हिंडणाऱ्या टोळीची. कैक वर्षं चाललेली. बाबा शेजारी येऊन बसले. "हे काय बोलून राह्यले, सांग बरं."

बारावीला मी इंग्रजीत काठावर पास. पहिल्या दिवशी अर्धं सांगितलं, अर्धं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी सगळंच ठोकलं. त्यात हिरव्या कातडीचा, तीन डोळ्यांचा एक राजदूत होता, सदा तणतणणारा.

"याले काय झालं बे?"

"त्याच्या पोरीची सोयरीक जमून नाही राह्यली."

हे मी खोडसाळपणे म्हणालो, कबूल करतो. बाबांनी उभ्या तालुक्यात सोयरिकी जमवल्या होत्या. लोक मोटरसायकल घेऊन दारात यायचे आणि पोरीकडच्यांशी बोलायला त्यांना मागे बसवून न्यायचे. फक्त घरातल्या, चाळिशीला टेकलेल्या घोड्याला पोरगी मिळत नव्हती. शेती कोरडवाहू, दुकान एवढंसं. त्या विषयावर आम्ही दोघंही तोंड उघडत नसू.

हिरव्याच्या पोरीबद्दल मात्र बाबा मोकळेपणानं बोलायला लागले. "त्याले म्हना, एकदम बापापाशी जाऊ नोको. पोराच्या मामाले आधी धर." पुढच्या भागात मी मामा आणला, निळ्या कपड्यातला एक पहारेकरी बघून. बाबा खूश. दुकानात गर्दी असली तरी सातला फोन वाजायचा, "येऊन राह्यला ना? मामा काय म्हनते पाहू." एकदा हिरव्याकडे बराच वेळ बघत म्हणाले, "बापाचं तोंड असंच होते बे. पोराच्या बापाचंही होते." मी हसण्यावारी नेलं.

मग आला दोनशेवा भाग. त्यात मालिकावाल्यांनी स्वतःचीच टिंगल केली होती. या यानातल्या लोकांवर कोणीतरी मालिका काढतंय, असा तो भाग. कॅप्टन दर वेळी मरून परत कसा येतो, प्रत्येक ग्रहावर तेच एक जंगल कसं असतं, यावर ती माणसं आपणच खदखदत होती. हिरव्यानं तर कपाळावरचा डोळा सोलून काढला आणि टेबलावर ठेवून चहा प्यायला लागला.

बाबा दचकले. "डोया काऊन काढला त्यानं?"

हे सोयरिकीत कुठं बसवावं ते जमेना. समोर ती माणसं इतक्या मजेत स्वतःवर हसत होती की मलाही चेव आला. म्हटलं, आज आपणही आपली फजिती सांगून टाकू, बापलेक पोट धरून हसू. सगळं सांगितलं, चांगलं रंगवून. मला इंग्रजी कसं येत नाही, मामा कुठून पैदा केला, हिरव्याच्या पोरीचा साखरपुडा मी दोनदा कसा मोडला. थोड्या वेळानं लक्षात आलं की हसणारा मी एकटाच आहे.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजे पोरगी नाहीच?"

"नाही ना, बाबा."

"मंग मी रोज सांगत होतो ते?"

"मजा केली हो, बाबा."

"माह्यी?"

लॅपटॉपमधली माणसं हसतच होती आणि तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. लवकर घरी जाऊन लॅपटॉप उघडला तर म्हणाले, "तू पाह्य. मले कीर्तनाले जायाचं आहे." त्या दिवशी मंदिरात कीर्तन नव्हतं. महिन्याभरात त्यांनी सोयरिकीला जाणंही सोडलं. दारात मोटरसायकल थांबली की आतूनच सांगायचे, "दुसऱ्या कोनाले न्या. मले त्यातलं समजत नाही." मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "काही झालं नाही बे." आणि खरंच, त्यानंतर आमच्यात काहीच झालं नाही, भांडणसुद्धा.

यंदा पोळा झाल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. जायच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन खाटेपाशी बसलो. "बाबा, पुढचा भाग लावू काय?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आता तुले खरं सांगा लागन. अन तुले ते येत नाही."

"येते ना. आता मोबाईलच सारं मराठीत करून देते. शब्दन् शब्द खरा."

त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

"मंग राहू दे," म्हणाले. "मोबाईलचं आयकून मी काय करू?"